डब्यातला दगड

दगड पडला तेव्हा मी शेळीला पाणी दाखवत होतो. मार्गशीर्षातली दुपार, चारचा सुमार. आभाळ कोरडं ठणठणीत, तरी गडगडलं. आमच्या माळाच्या खाली खडीचं क्रशर आहे, तिथे सुरुंग उडतात, म्हणून मी मान वर केली नाही. शेळीने मात्र पाण्यातून तोंड काढलं आणि दावं ताणून उभी राहिली. मग शीळ घातल्यासारखा एक आवाज आला आणि अजिनाथच्या कांद्याच्या वावरात धूळ उडाली.

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव त्या खड्ड्याभोवती होतं. दगड पायलीच्या मापाएवढा, काळा, तवा जळल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो बांधावरच्या लिंबाखाली बसला. तिसऱ्या दिवशी त्याला शेंदूर लागला. तो शनिवार निघाला, म्हणून तेलही घातलं. नवा देव, त्याला कोरडा कसा ठेवायचा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं आणि मलाही ते पटलं.

मला माझा तुकडा चार दिवसांनी मिळाला. शेळी चारताना कुसळात काळं काही दिसलं. बेलफळाएवढं. एका अंगाला फुटलेलं आणि आतून करपल्या भाकरीसारखं भुसभुशीत. बोट लावलं तर बोट काळं झालं. देव खाली आहे, हे त्याचं पोर आहे, असं म्हणून मी ते घरी आणलं आणि डब्यात ठेवलं.

हा डबा म्हणजे माझ्या घरातली तिजोरी. मी तीस वर्षं गावोगाव रॉकेल विकलं. आधी सायकलला दोन डबे बांधून, नंतर हातगाडीवर पिंप ठेवून. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हा शेवटचा एक पत्र्याचा डबा उरला. त्याचं तोंड कापून मी त्याला झाकण बसवून घेतलं. रॉकेलच्या डब्याला मुंगी शिवत नाही, वाळवी लागत नाही. म्हणून रेशनकार्ड, सातबारा, चांगुणाचा फोटो, सगळं त्यात. तलाठी नेहमी म्हणायचा, "सहादेवबाबा, तुमचा कागद मी डोळे झाकून वळखतो." मला ती थट्टा वाटायची. तीस वर्षं ज्या मालात हात बुडाले, त्याचा वास नाकाला येत नाही. चांगुणा असताना म्हणायची, "तुमी वळणावर आला की मला घरात कळतं." आता ती नाही, सहा वर्षं झाली. वळणावर मी आलो हे कळणारं कोणी नाही.

आठव्या दिवशी पुण्याहून जीप आली. दोन पुरुष आणि एक मुलगी. मुलगी पुढे होती. लिंबाखालचा देव बघितल्याबरोबर तिचा चेहरा पडला.

"याला तेल घातलंय?" तिने विचारलं.

अजिनाथ छाती काढून म्हणाला, "व्हय. घाण्याचं करडईचं हाय. भेसळ न्हाई."

"किती घातलं?"

"पह्यल्या दिवशी पावशेर. मंग ज्याची जशी भक्ती."

"याचा आतला एखादा तुकडा मिळेल का?"

"देवाचा तुकडा?" अजिनाथ म्हणाला. "ताई, तुमच्या घरच्या गनपतीची सोंड देता का आमाला?"

लोक हसले. ती हसली नाही. बांधावर जाऊन बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. परीक्षेला उशिरा पोचलेलं लेकरू फाटकाशी बसावं तशी बसली होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "माझ्याकडं एक हाय. त्याला कुनी तेल लावलं न्हाई."

तिचं नाव रुचा. पुण्याला एका प्रयोगशाळेत आभाळातल्या दगडांवर संशोधन करत होती. माझ्या घरापर्यंत ती जवळजवळ पळत आली. आपला श्वास दगडाला लागू नये म्हणून तिने तोंडावर पट्टी बांधली आणि अंगणातच थांबली. मी आत जाऊन दगड धुतलेल्या उपरण्यात घेतला आणि बाहेर आणला. तिने तो चंदेरी कागदात गुंडाळला, तान्हं बाळ घ्यावं तसा. मग एक छापील फॉर्म काढला.

"आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते."

"मी लिवतो," मी म्हणालो.

पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं शिकलो. त्याआधी अंगठा. एवढा मोठा फॉर्म मी कधी भरला नव्हता. नाव, गाव, दगड कधी सापडला, कुठे सापडला. ती ओट्यावर बसून राहिली, घाई केली नाही. एका ओळीत विचारलं होतं, नमुना कशात ठेवला होता. मी लिहिलं, स्वच्छ कोरड्या डब्यात, झाकण लावून. त्यात खोटं काही नव्हतं. तो डबा मी फडक्याने पुसलेला होता, उन्हात पालथा घातलेला होता. माझ्या लेखी रिकामा डबा म्हणजे रिकामा डबा.

त्यानंतर ती येत राहिली. माळावर आणखी तुकडे सापडतात का बघायला, खड्ड्यातली माती न्यायला. पौषात एकदा, माघात एकदा, फाल्गुनात एकदा. दिवसभर माळ तुडवायची आणि परत जाण्याआधी माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायची. शेजारची राजेश्वरी गोठ्यातून ओरडायची, "आबा, पाव्हणी आली जनू! दूध देऊ का?" एरवी राजेश्वरी मला दूध विचारत नाही. एकट्या माणसाला दूध किती लागतं हे तिला पाठ आहे.

पाहुणी काय काय विचारायची, आणि मीही विचारायचो. एकदा मी म्हणालो, "ताई, ह्या दगडात हाय तरी काय?"

"कोळशासारखं काही आहे," ती म्हणाली. "आणि त्यात कार्बनच्या साखळ्या असाव्यात. तारे म्हातारे झाले की काजळी सोडतात."

"कंदिलावानी?"

"अगदी कंदिलासारखी," ती खूश झाली. "ती काजळी अंतराळात तरंगत राहते. तिच्यावर बर्फ बसतं, ताऱ्यांचा उजेड पडतो आणि लाखो वर्षांत त्यातून मोठमोठे गुंतागुंतीचे पदार्थ तयार होतात. तिथे कोणी जिवंत नसताना."

"आन् रॉकेल? ते कशाचं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत बायकांनी मला हजार वेळा विचारलं असेल, रॉकेल कधी येणार. कुठून येतं, हे कोणी विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

"ते जमिनीखालच्या तेलातून काढतात," ती म्हणाली. "समुद्रातले डोळ्याला न दिसणारे जीव मेले, गाळात दबले, तापले. कोट्यवधी वर्षांनी त्यांचं तेल झालं."

"म्हंजी मढ्यांचं तेल इकत हुतो मी."

हसता हसता तिचा चहा सांडला. मग म्हणाली, "काही लोकांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणत, पृथ्वी घडली तेव्हा असल्याच दगडांमधून ते सगळं आलं आणि खोल साठलं. जिवांचा त्याच्याशी संबंध नाही. आता फारसं कोणी ते मानत नाही, कारण तेलात जिवंत गोष्टींच्या खुणा सापडतात. पण जिवाशिवाय आभाळात कुठवर मजल जाते, हे बघायचं असेल तर असा दगड लागतो. कशाचाही हात न लागलेला."

जाताना दारातून आत डोकावून म्हणाली, "आजोबा, तुमच्या घराला एक वेगळाच वास आहे. रंगबिंग ठेवलाय का?"

"न्हाई बा," मी म्हणालो. खरंच नव्हता.

ती गेली की दुसऱ्या दिवशीपासून घर पुन्हा गप्प. सुनील, माझा मुलगा, हैदराबादला आहे. रविवारी फोन करतो. "बाबा, बरं आहे ना?" "बरं हाय." "गोळ्या घेता ना?" "घेतो." मग दोघांकडचंही संपतं. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी मी हाक दिली की बायका हातातली भाकर तव्यावर टाकून डबे घेऊन धावायच्या. आधी गॅस आला, मग रेशन बंद झालं. त्याच बायका आता देवळासमोर भेटतात आणि "काय आबा" म्हणून पुढे जातात. त्यांचं काही चुकत नाही. मी आता कशालाच लागत नाही. रुचा मात्र विचारत यायची, "आजोबा आहेत का?" आजोबा असणारच. जाणार कुठे.

वैशाखात ती एकटी आली, एसटीने, उन्हात. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"सापडलं," ती ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाली. "तुमच्या दगडात तेलासारखे पदार्थ आहेत. साखळ्या आहेत, दहा ते पंधरा कार्बनच्या. एवढ्या, आणि एवढ्या स्वच्छ, आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या."

मी पेढा तोंडात टाकला. लई आनंद झाला. माळावरच्या कुसळातून मी उचललेली वस्तू, तिच्यात एवढं निघालं.

"फक्त एक कोडं आहे," तिने मोबाईल पुढे केला. "हे बघा. दगडाचा चुरा धुतल्यावर जे उरलं, ते."

मोबाईलमध्ये काचेची बोटभर बाटली होती. तळाला पाण्यासारखं थेंबभर काही, आणि त्याला निळी झाक.

"हा निळा रंग कशाचा, ते कळत नाही. प्रयोगशाळेत सगळे डोकं खाजवतायत. कदाचित अंतराळातलंच काही असेल. पण सर म्हणाले, एवढी सुबक साखळी बघून मला शंका येते. आजोबांना परत एकदा विचार." ती माझ्याकडे वळली. "आजोबा, दगडाला घरातलं काही लागलं नव्हतं ना?"

मी तो निळा रंग बघत होतो. रेशनचं रॉकेल निळं असायचं. काळ्या बाजारात जाऊ नये म्हणून सरकार त्यात रंग घालायचं. तीस वर्षं तो निळा मी नरसाळ्यातून ओतला. दिव्याच्या काचेत बघितला, नखांच्या कडेला बघितला. त्या प्रयोगशाळेत विशी-तिशीची शिकलेली पोरं. एकाच्याही घरात कधी रॉकेल आलं नसेल. रुचाने तर रॉकेल आयुष्यात पाहिलंच नव्हतं. तो रंग ओळखणारा माणूस तिच्यासमोर पेढा चघळत बसला होता.

"पुढच्या महिन्यात दिल्लीला मोठी परिषद आहे," ती सांगत होती. "तिथे मी हे मांडणार. तुमचं नाव घालणार आहे, गावाचंही. आणि मग काम वाढेल. महिन्यातून एकदा तरी मला इकडे यावंच लागेल. तुम्ही कंटाळाल मला." मग पुन्हा विचारलं, "नाही ना लागलं काही?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि दुसरा चहा मागितला.

ती गेल्यावर मी डबा काढला. कागद, फोटो बाजूला ठेवले. धोतराचं जुनं पांढरं टोक घेऊन तळाच्या शिवणीत, जिथे पत्रा दुमडलेला असतो, तिथे बोटाने दाबून फिरवलं. टोक निळं झालं. मी ते नाकाशी नेलं. मला वास आला नाही.

तीन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तसाही फार बोलत नाही, पण ते गप्प राहणं वेगळं होतं. चौथ्या दिवशी सुनीलचा फोन आला. त्याला सांगावं असं मनात आलं. तो म्हणाला, "बाबा, आज रविवारीही मीटिंग आहे, बरं आहे ना?" मी बरं आहे म्हणालो.

मी स्वतःला समजावलं, त्या मोठ्या लोकांना एका दगडाने काय होतंय. मग डोळ्यांसमोर ती परिषद यायची. ही पोरगी उभी राहून सांगणार, आणि मागे बसलेला एखादा म्हातारा, माझ्यासारखाच, तो निळा रंग बघून हळूच हसणार. माझ्या धंद्यात एकच इज्जत होती. सहादेवच्या रॉकेलमध्ये पाणी नसतं, असं बायका म्हणायच्या. हिच्या आभाळात मी रॉकेल मिसळून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी डबा पिशवीत घातला आणि सकाळची पुण्याची एसटी पकडली. डबा तिच्यासमोर ठेवायचा, तोंडाने सांगायची वेळ येऊ नये, असा विचार होता. बसून दहा मिनिटं झाली नसतील, कंडक्टर येऊन उभा राहिला.

"बाबा, रॉकेल न्हेता व्हय? गाडीत चालत न्हाई. जाळता का सगळ्यांना?"

"रिकामा हाय," मी झाकण उघडून दाखवलं.

"रिकामा? आख्खी गाडी वासानं भरलीया!"

पुढच्या सीटवरची एक बाई नाकाला पदर लावून वळली. मागून कोणी म्हणालं, "मास्तर, ऱ्हाऊ द्या की. धा वर्सांनी वास आला. माझी आजी आठवली." गाडी हसली.

"आजी आठव, नायतर पंजी आठव," कंडक्टर म्हणाला. "बाबा, सुप्याला उतरा."

पुढच्या सीटवरच्या त्या बाईलाही येत होता तो वास. सगळ्या गाडीला येत होता. मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मला काहीच येत नव्हतं. सुप्याला उतरलो. कारखान्यांच्या गाड्या धूळ उडवत जात होत्या. स्टँडच्या भिंतीच्या सावलीत डबा ठेवला आणि रुचाला फोन लावला.

"आजोबा! अहो, आत्ताच तुमचा विषय निघाला होता."

"ताई, त्यो निळा रंग रॉकेलचा हाय," मी म्हणालो. "रेशनचं रॉकेल निळं असायचं. दगड मी रॉकेलच्या डब्यात ठेवला हुता."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"फॉर्मवर तुम्ही स्वच्छ डबा लिहिलंत," ती म्हणाली.

"तवा मला स्वच्छच वाटला. मुंगी लागू नये म्हनून ठेवला."

"आणि परवा? परवा मी दोनदा विचारलं."

"परवा मला कळलं हुतं."

"मग?"

"मंग तुमी येनार न्हवता."

एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मग तिने विचारलं, "डबा कुठे आहे?"

"हितं हाय, माझ्यासंगं. फेकून देऊ?"

"नको! अजिबात फेकू नका. पुसूही नका. घरी जा. कोणीतरी येऊन घेऊन जाईल."

कोणीतरी म्हणाली. ते मी ऐकलं.

दोन दिवसांनी जीपमधून एक गृहस्थ आले. नाव वैजनाथ सांगितलं. चहा नको म्हणाले. हातमोजे घालून डबा मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड चिकटवलं. डब्यातले कागद आणि चांगुणाचा फोटो मी आधीच काढून फडताळात ठेवला होता. जाताना मी धोतराचं ते निळं टोक दाखवलं, तर तेही त्यांनी मागून घेतलं. "ताई न्हाई आल्या?" मी विचारलं. "त्यांना खूप काम पडलंय," ते म्हणाले. खरंच पडलं असणार. माझ्यामुळेच.

आषाढाच्या शेवटी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. आत पत्र होतं, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावं म्हणून. मी ते ओट्यावर बसून वाचलं. एक दुपार लागली.

तिने लिहिलं होतं, दिल्लीला ती गेली नाही. डब्यात काय काय आहे ते त्यांनी आधी मोजलं आणि मग दगडात जे सापडलं होतं त्यातून ते वजा केलं. साखळ्या सगळ्या गेल्या. निळा रंग गेला. तेल म्हणण्यासारखं काही उरलं नाही. पण थोडंसं काही उरलं. बोटाच्या पेरावर घेतलं तर दिसणारही नाही इतकं. ते रॉकेल नाही, करडई नाही, आमच्या मातीतलं नाही, त्यांच्या प्रयोगशाळेतलंही नाही. ते पृथ्वीवर कोणी जिवंत नव्हतं तेव्हाचं असावं. तुम्ही सांगितलं नसतंत, तर ते रॉकेलखाली बुडालेलंच राहिलं असतं, असं शेवटी लिहिलं होतं. मी येईन, असं कुठे लिहिलं नव्हतं. मी पत्र दोनदा उलटून बघितलं.

पत्रासोबत तोच फॉर्म होता, कोरा. आता सगळं बरोबर लिहून पाठवा, असं म्हटलं होतं.

मी भरला. नमुना कशात ठेवला होता, या ओळीत लिहिलं, रॉकेलच्या डब्यात. डबा तीस वर्षं वापरातला. सगळ्यात खाली एक ओळ होती, इतर काही माहिती. तिथे काय लिहावं ते सुचेना. पेन धरून बराच वेळ बसलो. राजेश्वरी गोठ्यात धार काढत होती, तिला हाक मारली.

"राजेश्वरे, जरा आत यून बघ. घरात वास येतो का?"

ती दारात आली, नाक फेंदारलं, आत दोन पावलं गेली.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "आता न्हाई येत. डबा गेला तवापासून न्हाई. चुकल्यावानी वाटतं."

ती धार काढायला परत गेली. मी त्या ओळीत लिहिलं, माळावर पश्चिमेच्या बाजूला अजून कोणी शोधलं नाही. पाऊस संपला की कुसळ वाळतं, मग काळा दगड लांबून दिसतो. थेट एसटी चुकली तर सुप्याला बदलावी लागते.

पाकीट पोस्टात टाकलं. कागद आता फडताळात आहेत आणि सातबाऱ्याच्या कडेला वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. रोज सकाळी मी ते उन्हात झटकतो. कुसळ वाळलं आहे. शेळी घेऊन मी पश्चिमेकडेच जातो, आणि दगड दिसला तर हात न लावता त्याच्याभोवती चार खुंट्या ठोकायच्या, म्हणून खुंट्या पिशवीत ठेवतो.